दोन डब्ब्यायच्या मधात

— नाई, तसं नाई गुणवंतभाऊ, भोंग्याचे डब्बे तयार हायेत. कोन म्हन्ते तयार नाईत? वाजून राह्यले ना तुमच्या समोर, एक खळ्याच्या त्या टोकाले, एक या टोकाले — सकाळपासून वाजून राह्यले. बसा जी. बंडीचे बैल सोडा, पानी दाखवा त्यायले, सावली गावाहून येनं म्हनजे काई जवळ नाई. मिस्त्री? येतीन ना. बाहेर गेले जरासे. तुमचा बैलायचा शंकरपट, तुमची मंडळी, उद्याचं नाटक, सगळं मले ठाऊक हाये — मिस्त्रीनं शब्द देला म्हनजे देला. हे आपलं तपासनं चालू हाये. तिथी मांडवात नेल्यावर ऐन रंगात घरघर केली तर नाव कोनाचं खराब होईन? तुमचं नाई होनार. मिस्त्रीचं होईन. हो, मीबी मिस्त्रीच म्हन्तो त्यायले. सारं गाव म्हन्ते, म्हून मीबी म्हन्तो. नवऱ्याचं नाव का बाईमानसानं घ्याचं असते?

थांबा, तबकडी सरली — पलटवतो. हां. चाबी भरतो जराशी. खंड पडला नाई पाह्यजे मधात. काऊन म्हनजे? नाई पडला पाह्यजे.

आता हे काय विचारता — तोंडं जंगलाकडे काऊन केली. गावाकडे केली असती तर गावानं मले जगू देलं असतं का? तेच ते सनईचं वाजून राह्यलं सकाळपासून, शेजारची नीलाबाई तर दोनदा येऊन गेली, म्हने, वच्छला, लग्न कोनाचं लागलं व? मी म्हतलं, लागलं कोनाचं तरी. जंगलाले कोनाचा तरास नाई. मोकळी जागा हाये, आवाज दूर जाते, कसा जाते ते समजते. तपासाले तसंच लागते. चहा ठेवू का? दूध नाई, काळा पेसान तर ठेवतो — नाई म्हन्ता तर राहू द्या, मलेबी इथून उठाले नाई पाह्यजे.

हे काई साधे डब्बे नाईत भाऊ. आता बाजारात पत्र्याचे भोंगे निंघाले हायेत, धोतऱ्याच्या फुलावानी, लग्नात ठनठन करतात, बोलनारा मानूस नाकात बोलून राह्यला असं वाटते. हे चांद्याच्या सिनेमा टाकीजचे हायेत. लढाईच्या आधीचे, विलायती. पडद्याच्या मांगं उभे राहत, जोडीनं. मिस्त्री तिथी मशीनवाल्याच्या हाताखाली होते. मंग नवीन मशीन आली तर मालक म्हने, या कपाटायचं आता काय करू, फोडा, सरपन करा. सरपन. मिस्त्रीनं बंडीवर घालून आनले ते, अन् रस्ताभर आपली गोधडी पांघरून देली त्यायले. माहेरून मले आनलं तई मी थंडीनं कुडकुडत आली, मले नाई देली गोधडी.

तई यात चुंबक नव्हतं, ठाऊक हाये? तारेचं वेटोळं होतं मोठं, त्यात वीज सोडली का लोखंडाचं चुंबक बने. टाकीजमंधी इंजन होतं, चालून जाय. इथी कुठी इंजन? मोटारीच्या बॅटरीवर लावलं तर एक कीर्तन सरेपर्यंत बॅटरी आटून जाय, बुवा वर हात करून उभा अन् आवाज पाताळात. मंग मिस्त्री नागपूरले गेले, पक्कं चुंबक घेऊन आले, ते वेटोळं उपसून काढलं अन् हे बसवलं. दोन्हीमंधी सारकं. तवापासून बॅटरी पुरते. अन् आत तो कागदाचा कोन असते ना, नरसाळ्यावानी, तोच थरथरते अन् तोच बोलते — त्याचे काठ उदईनं खाल्ले होते. काठ शेळीच्या कातड्याचे लावले. आमचीच शेळी, दिवाळीत कापली होती, तिचं पोटाखालचं कातडं नरम असते. पायाखाली राखेच्या ताटल्या ठेवतो, उदई चढत नाई. पावसाळ्यात चुलीच्या खोलीत त्यायले जागा पयले, मंग आमाले. लेक सासरी गेली कोरपन्याले, घर रिकामं झालं, पन घरात चार जनं हायेत असंच वाटे मले. मी, मिस्त्री अन् हे दोघं.

फडफडते? कोनता? — हो, उजवा. तुमचे कान चांगले हायेत जी. फडफडते जराशीक. मी म्हतलं तयार हायेत, तयारच हायेत, एवढं एक राह्यलं. कातडं अन् कागद जिथी जुळतात तिथी डिंक सुटला. त्याले डिंक पाह्यजे धावड्याच्या झाडाचा, अन् ताजा. बाजारातला नाई चालत, दुकानदार त्यात बाभळीचा मिसळते, तो वाळला का तडकते, अन् तडकला का कागदाचा कोन असा फडफडते — पाखरू अडकल्यावानी. तुमच्या नाटकासाठीच लावून पाह्यला तर फडफडला. मिस्त्रीचा जीव खालीवर. म्हने, गुणवंतरावाच्या नाटकात राजा बोलन अन् डब्बा फडफडन, लोकं हासतीन. म्हने, टेकडीच्या अंगाले धावडे हायेत, डिंक आनतो अन् जेवाच्या आत येतो. मी भाकरी झाकून ठेवली.

नाई, आजची नाई. कालची.

थांबा — सरली तबकडी. थांबा, बोलू नोका, लावू द्या पयले — हां. वाजली. झालं.

काल सकाळी गेले भाऊ. तुमाले खोटं सांगितलं मी, येतीन आता म्हनून. खोटं काय — येतीनच ना. कई का येईनात. डिंकाले गेलेला मानूस रातभर जंगलात राह्यते कई कई, झाडावर बसते, उशीर झाला तर. लोकं म्हन्तात चकवा लागला असन, एकाच झाडाभवती फिरत राह्यले असतीन. कोनी काई म्हन्ते, कोनी काई. तोंडाले कोन हात लावते? पन ते जे जनावर उतरलं हाये नाल्यात — नाव नाई घेत मी त्याचं, तुमीबी नोका घेऊ या खळ्यात. दोन नावं माह्या तोंडात येत नाईत, एक घरच्या मानसाचं अन् एक त्याचं. गावातल्या इतवारीचा गोऱ्हा नेला त्यानं मांगच्या हप्त्यात, भर दुपारी, गुराखी बोंबलत होता तरी नेला. मिस्त्रीले सांगितलं होतं मी. नाल्याकडे जाऊ नोका म्हतलं. म्हने, मी टेकडीच्या अंगानं जातो, नाला तर त्या बाजूले राह्यते. 

आज सकाळी गेले गावचे मानसं. देवाजी गेला, कोलू गेला, बरेच जनं गेले डफडे वाजवत, कुऱ्हाडी घेऊन. धावड्याखाली त्यायले मिस्त्रीचा दुपट्टा भेटला. त्यात डिंक बांधलेला, चांगला पिवळाधम्मक, अशी गाठ मारलेली. डिंक भेटला अन् मानूस नाई भेटला. देवाजी माहा हात धरून सांगे, वयनी, रगताचा टिपूस नाई तिथी, माह्या लेकराची आन. मंग मी म्हतलं, पंजे? तर माहा हात सोडला. रेतीत होते म्हने पंजे. जुने असतीन म्हने. उन्हं कलली तसे वापस आले सारे. मी बोल नाई लावत त्यायले, त्यायच्याबी घरी बायका हायेत वाट पाहत. उद्या फारेस्टवाले बंदूक घेऊन येनार म्हन्तात. उद्या.

तो डिंक घरात ठेवला हाये. लावला नाई मी. लावता येते मले, लय वेळा लावला हाये. पन म्हतलं, त्यायनं आनला, तेच लावतीन.

म्हून नाई नेता येनार तुमाले डब्बे, समजलं का? मी तुमाले बसवून ठेवलं, चहा चहा केलं, बैल सोडाले लावले — तुमी हात लावू नये म्हून. तुमी उद्या पत्र्याचे भोंगे लावा, नाई तर बिन भोंग्याचं करा, तुमच्या नटायचे गळे काय कमी हायेत? आधी नव्हते का होत नाटकं? रागावू नोका. रागावा, पन हात लावू नोका. मले भेव लागून राह्यलं भाऊ. अंधारून राह्यलं. आता पाहा, ती टेकडी अर्धी दिसत नाई.

या, इकडे या. दाखवतो तुमाले मी काय केलं ते. इथी या मेढीपाशी उभे राहा, बैलं फिरतात ना मळनीले, तिच्यापाशी, अन् जरा पुढं या — डब्ब्यायच्या समोर — तोंड डब्ब्यायकडे. आता सांगा आवाज कुठून येते? डाव्यातून? नाई. उजव्यातून? नाई. मधातून येते. मधात काय हाये? मेढ हाये अन् हवा हाये. पन तिथी कोनी मानूस उभा राहून सनई वाजवून राह्यला असं वाटते का नाई? हेच ते. म्हून हे जोडीनं पाह्यजेत, म्हून मिस्त्री एकटा डब्बा कोनाले देत नाईत कई. आता दोन पावलं तिकडे सरका — सरकला ना आवाज तुमच्यासंग? अजून सरका — गेला ना मधातला मानूस? या डब्ब्यात जाऊन बसला. आता वापस या. आला. म्हून मी असे मांडले. सकाळी एकटीनं ओढले, पाहा हात. जंगलात मानूस भुलला, अंधार झाला, काई दिसत नाई — त्यानं फक्त आवाज दोन्ही कानात सारका ठेवाचा अन् चालत राहाचं. मधातून मधातून. सिद्दा या मेढीपाशी येते का नाई? घरात येते का नाई?

येते. तुमी आले असते. मी आली असती.

थांबा. पलटवतो.

आवाज दबला ना जरासा? बॅटरी बसून राह्यली. मूल गावच्या गिरनीतून भरून आनली होती, पन कालपासून — नाई, आज सकाळपासून. रातभर चालन का? तुमी सांगा, रातभर चालन? तुमाले काय ठाऊक. हे त्यायले ठाऊक असते, बॅटरीवर हात ठेवून सांगतात. ऐकाचं काम माहं अन् हाताचं काम त्यायचं. हो ना, जोडी जुळवाले आमी दोघं लागतो — ते मांगं बसून तारा लावतात, मी इथी उभी राहतो, जिथी तुमी उभे हायेत. मी सांगतो, मधात आला, नाई आला. एखाद्या डब्ब्याची तार उलटी लागली का पाहा, मधातला मानूस एकदम गायब होते, आवाज पोकळ होऊन चारीकडे पांगते, घरात कोनी नसल्यावानी. मंग मी म्हन्तो, डावी पलटवा. पलटवतात. आला. झालं. त्यायले स्वतःले नाई ना समजत ते —

नाई, म्हनजे समजते. मिस्त्री हायेत ते. काऊन नाई समजनार?

तुमी तसे पाहू नोका माह्याकडे. बरं. सांगतो. पन हे तुमच्या मंडळीत नाई गेलं पाह्यजे, गुणवंतभाऊ, तुमाले तुमच्या नाटकाची आन हाये. भोंगेवाल्या मिस्त्रीले एका कानानं ऐकू येत नाई म्हतलं तर कोन येईन आमच्या दारी? लोकं हासतीन. मांगच्या थंडीत कान वाहत होता त्यायचा, डावा. तेल घातलं, लसूण घातली, वैदूनं काय पाला पिळला. वाहनं थांबलं, अन् ऐकनंबी थांबलं. उजवा चांगला हाये, टाचनी पडली तरी समजते. डावा दगड. तवापासून मी उभी राहतो इथी. त्याच्या आधी ते स्वतःच उभे राहत, डोळे मिटून, अन् मधात आवाज आला का हासत. आता माह्या तोंडाकडे पाह्यतात. मी हासली का समजतात आला म्हनून.

एकच कान हाये भाऊ त्यायले.

एकच हाये.

मी काय करून बसली सकाळपासून? त्यायले मधात येईनच कसा आवाज? इथी या मेढीपाशी उभे असून नाई येत, टेकडीवरून येईन? त्यायले सगळंच उजवीकून येते. मी चुलीपाशून बोलली तरी उजवीकून, परसातून बोलली तरी उजवीकून. गाय डावीकून आली अन् ते डावीकडेच सरले, तिच्या अंगावर, असं झालं हाये, दारातच झालं हाये. टेकडीवरून गावाकडे तोंड केलं तर उजवीकडे काय हाये? सांगा ना काय हाये. नाला हाये. मी त्यायले सकाळपासून सनई वाजवून नाल्यात बोलवून राह्यली का? दिवसभर? असं कसं नाई आलं माह्या ध्यानात. रोज मी उभी राहतो इथी, रोज, अन् माह्या ध्यानात नाई आलं.

नाई. नाई, थांबा. ते वेडे नाईत. त्यायले ठाऊक हाये आपल्या कानाचं. ते नाई जानार आवाजामांगं. घरी काय करतात? मी घरात कुठी असली अन् बोलली, का जाग्यावर उभे राहतात. हालत नाईत. अन् हाक मारतात, वच्छले, कुठून बोलून राह्यली व? मी कितीबी सांगो, इथी हाओ, परसात हाओ, ते हालत नाईत. चिडतो मी. मंग मीच जातो. मीच जातो त्यायच्यापाशी, दर वेळी, हाताले धरतो. तेच करून राह्यले असतीन. ऐकत असतीन ही सनई, जवळ असतीन, या पळसाच्या मांगंच असतीन, कोन सांगावं — उभे असतीन एका जाग्यावर अन् हाक मारत असतीन मले. अन् मी खंड पडू देला नाई. तबकडीवर तबकडी. मले कसं ऐकू येईन? कोनाले ऐकू येईन या गोंधळात?

बंद करा ते. त्या बॅटरीपाशी जा, ती लाल तार ओढा. ओढा म्हन्तो ना.

—

केवढं शांत झालं.

मले याचंच भेव होतं भाऊ. सांगतो तुमाले, खरं सांगतो. वाजत होतं तवर बरं होतं. वाजत होतं तवर ते येतच होते. आता शांत झालं अन् तिकडून काईच नाई आलं तर —

बैलायच्या गळ्यातले घुंगरू धरा. दोन्हीयचे. अन् बोलू नोका.

—

आलं?

काईतरी आलं. माहे कान सकाळपासून डब्ब्यापाशी राहून सुन्न झाले, आत नुसती सनई वाजून राह्यली, मले नाई समजत. पन आलं. मानसाचं होतं ना? तुमाले दोन्ही कान हायेत भाऊ, तुमी सांगा. कोन्या अंगानं आलं?

नाल्याच्या?

बरं. कंदील द्या तो इकडे. नाई, ते नाई येनार, त्यायले नाई समजनार कुठी यावं, मलेच जावं लागते. हात सोडा माहा. तुमाले याचं असन तर कुऱ्हाड दाराच्या मांगं हाये, नाई तर इथीच बसा बैलायपाशी. पन ती तार जोडू नोका.